काचेमागचा फेटिया

मी फेटिया बोलतोय. तुमच्यापैकी अनेकांना हे नाव ठाऊक नसेल, म्हणून आधी ओळख देतो. बंजाऱ्यांच्या बायका नेसतात तो आरशांचा, घुंगरांचा, घेरदार घागरा म्हणजे मी. यवतमाळातल्या एका वाचनालयात, दारातून आत आलं की डाव्या हाताला काचेचं कपाट आहे, त्यात मी टांगलेला असतो. लोक पेपर वाचायला येतात, जाता जाता माझ्याकडे नजर टाकतात. कोणी म्हणतं, किती बारीक काम आहे. कोणी म्हणतं, हे वजन घेऊन बायका चालत कशा असतील. मी कोणाचा, इथे कसा आलो, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून आज मीच सांगतो.

महागावजवळ पूस नदीच्या अलीकडे एक तांडा आहे. तिथे सुखीबाईनं मला शिवलं. तिचे सासरे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरलेले. तिच्या नवऱ्यानं मात्र बैल नांगराला जुंपले आणि कापूस पेरला. वेचणीची कामं उरकून सुखीबाई झोपडीच्या दारात बसायची आणि मला टाके घालायची. जाड लाल कापड, निळा काठ, कमरेला कवड्या, घेरावर आरसे. सुई बोटात गेली की बोट चोखायची आणि पुन्हा शिवायला लागायची. लाल कापडावर ते रक्त दिसत नाही, पण मला ठाऊक आहे ते कुठे कुठे आहे.

तिची मुलगी जमनी. तिच्या लग्नासाठीच माझा जन्म. जमनी उंच, सडपातळ, चालायची झपझप. तिच्या पावलांबरोबर माझे घुंगरू वाजायचे, आणि तांड्यातले लोक मान वर न करताच म्हणायचे, "जमनी आली." मला वाटायचं, माझं आयुष्य असंच जाईल. शेतात, नदीवर, लग्नकार्यात, होळीच्या फेरात.

लालसिंग, जमनीचा नवरा, चार बुकं शिकलेला होता. तीन भावांत वाटून आलेल्या जमिनीत त्याचं मन रमेना. छप्पन्न सालच्या दिवाळीनंतर कोणीतरी बातमी आणली की यवतमाळच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, माणसं घेत आहेत. त्याच महिन्यात आपला मुलूख मुंबई राज्यात गेला, असं लोक बोलत होते. लालसिंग म्हणाला, "राज्य नवं झालं, आपन बी नव्या जागी जाऊ." सुखीबाईनं भाकरी बांधून दिल्या. मोटार आर्णीवरून आली. जमनी खिडकीजवळ बसली होती आणि मी तिच्या गुडघ्यांवर सगळा घेर पसरून बसलो होतो.

जिनात काम लगेच लागलं. खोली मात्र लागेना.

पहिल्या घरी एक बाई दारात आली. आधी तिनं लालसिंगकडे पाहिलं आणि हसली. मग तिची नजर माझ्यावर आली, आणि हसू गेलं. "खोली तर कालच देली," ती म्हणाली. तिच्यामागं खोलीचं दार सताड उघडं होतं आणि आत नुसती जमीन दिसत होती. दुसऱ्या घरचा म्हातारा सरळ होता. "आमी लमानायले ठेवत नाही, बाप्पा. राग मानू नको. गल्लीतले लोक बोलतात." तिसऱ्या दारात तर कोणी बोललंच नाही, कडी आतून लागल्याचा आवाज आला, तेवढाच.

एक गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्हाला हे कळेल. इंग्रजांच्या काळात असा एक कायदा होता की काही जमातींची माणसं जन्मानंच चोर ठरायची. तांडे, पालं, भटकणारे लोक, सगळ्यांकडे त्याच नजरेनं बघायची पोलिसांना आणि शहरांना सवय लागली. स्वातंत्र्य आलं, थोड्या वर्षांनी तो कायदाही गेला. कायदा काढता येतो, सवय कोण काढणार? आणि ती सवय माणसाचं तोंड बघत नसे. ती आधी मला बघायची.

छोट्या रेल्वेच्या स्टेशनाजवळ धर्मशाळा होती. तिच्या ओट्यावर काही दिवस निघाले. मग एका सकाळी लालसिंग बाजारातून हिरवं नऊवारी लुगडं घेऊन आला आणि जमनीच्या पुढ्यात ठेवलं. ती दोघं आपसात गोरबोलीत, आम्हा बंजाऱ्यांच्या भाषेत, बोलत. तुम्हाला समजावं म्हणून मी ते इथल्या बोलीत सांगतो.

"हे नेस," तो म्हणाला.

"अन् फेटिया?"

"पेटीत ठेव. अन् चुडा बी काढा लागते."

जमनीच्या दंडापर्यंत हाडाच्या पांढऱ्या बांगड्या होत्या. आमच्यात तो चुडा नवरा मेल्यावरच उतरतो.

"तू माझ्यासमोर जिता बसला हायस," ती म्हणाली. "अन् मी चुडा उतरवू?"

लालसिंगनं मान खाली घातली. "पाऊस येईन, थंडी येईन, आपन कुठं राहू? तूच सांग."

तिनं तेलाची वाटी पुढं ओढली. बांगड्या घट्ट बसल्या होत्या. तेल लावून एकेक काढताना ती रडली नाही, पण माझ्यावर तेलाचे डाग पडले, ते अजून आहेत. चुडा निघाला तेव्हा तिच्या दंडांवर उजळ, न रापलेले पट्टे उमटलेले दिसले. ते झाकायला तिनं लांब बाह्यांचं पोलकं शिवून घेतलं.

विमलताई भेटल्या त्या यानंतर. जिनाच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. दारव्ह्याकडे त्यांची कापसाची शेती होती, ती बटाईनं दिलेली. मुलगा नागपूरला नोकरीला. नवरा कधीच गेलेला. घरात सोबत असावी म्हणून त्यांना भाडेकरू हवा होता.

"कोनच्या गावचे तुमी?"

"बऱ्हानपूरकडचे," लालसिंग म्हणाला. "राजपूत हावोत आमी."

"अन् बाईचं नाव?"

जमनीनं तोंड उघडलं, पण लालसिंग आधी बोलला. "यमुना."

अशी राज्याच्या पाठोपाठ जमनीही बदलली. विमलताईंनी किल्ली दिली, वर ताटलीभर भजी दिली. आणि मला जुन्या धोतरात गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून, लोखंडी पेटीत ठेवण्यात आलं. पेटी सरकवताना घुंगरू वाजले. जमनी दचकली. तिनं मला पुन्हा बाहेर काढलं आणि माझ्या एकेका घुंगरात सुईच्या टोकानं कापूस ठासला. जिनातून लालसिंगच्या कपड्यांना चिकटून आलेला कापूस तो. मग झाकण पडलं, कुलूप लागलं आणि किल्ली लालसिंगच्या करगोट्याला गेली.

अंधारात राहायची मला सवय नव्हती. माझे सगळे आरसे उजेडासाठी लावलेले. आत फक्त आवाज यायचे. जिनाचा भोंगा, रेल्वेची शिट्टी, विमलताईंची हाक, "यमुना, ऐ यमुना, चाय घ्याले ये." जमनी "आली, ताई" म्हणायची. तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. एकेक शब्द तपासून बाहेर सोडायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार? गोरबोलीतला शब्द निसटला तर सगळं गेलं. दळताना गाणं नाही, भांडताना शिवी नाही. मी पेटीत होतो आणि ती त्या लुगड्यात होती. माझं कुलूप तरी डोळ्याला दिसत होतं.

विमलताई वाईट असत्या तर बरं झालं असतं, असं मला कधी कधी वाटायचं. त्या चांगल्या होत्या. त्यांनी जमनीला पुरण वाटायला शिकवलं, तापात तिच्या उशाशी बसल्या. आणि त्याच विमलताई दुपारी तांदूळ निवडताना सहज म्हणायच्या, "आज बाजारात लमानी लय आले होते. पिशवी छातीशी धरूनच चालली मी." जमनी तांदळातले खडे वेचत राहायची.

माहेरी ती वर्षातून एकदा जायची, लुगड्यातच. सुखीबाईला तिनं सगळं सांगितलं होतं आणि पायाला हात लावून विनवलं होतं, "याडी, तू मात्र येऊ नको." याडी म्हणजे आई. सुखीबाई म्हणाली होती, "नाही येत."

साठ साली महाराष्ट्र झाला. गल्लीत दिवे लागले, विमलताईंनी शिरा केला. पुढच्या वर्षी जमनीला मुलगी झाली. बाळंतपण त्याच खोलीत. मी पेटीत ऐकत होतो. जमनीनं पदराचा बोळा दातांत धरला होता. दुखण्यासाठी नव्हे, आईला हाक निघू नये म्हणून. शेवटी एकदा बोळा सुटला आणि "याडी" असा शब्द घरभर गेला.

सुईण म्हणाली, "कोनाले बलावून राह्यली हे?"

दाराबाहेरून लालसिंग म्हणाला, "आमच्या कुलदेवीचं नाव हाय ते."

ही बातमी तांड्यात पोचली आणि सुखीबाईनं दिलेला शब्द मोडला. बाजाराच्या दिवशी सकाळी अंगणात एक जाड, मोकळा आवाज ऐकू आला. "जळतन घेता का, बाई? वाळलेलं हाय." माझ्या प्रत्येक टाक्यानं तो आवाज ओळखला. तिच्याच हातांनी मला जोडलं होतं.

जमनी बाळाला घेऊन दारात आली असावी, कारण बाळाची कुरकुर दारापाशी थांबली. मग विमलताईंनी मोळीचा भाव केला, लाकडं घेतली. अर्धी मोळी घेतली, अर्धी सुखीबाईकडे राहिली.

"पानी देता का जरासं?"

विमलताईंनी वरून पाणी ओतलं. ओंजळीतून गळणाऱ्या पाण्याचा आवाज मी ऐकला.

"लेकरू गोजरं हाय, बाई," सुखीबाई म्हणाली. "कोनावर गेलं?"

जमनीनं दारातूनच उत्तर दिलं. "आजीवर," ती म्हणाली.

विमलताई हसल्या. "आमी तर हिच्या माहेरचं कोनी पाह्यलंच नाही अजून. लय दूरचे हायत."

"येतीन," सुखीबाई म्हणाली. "माय कोनाची बी असो, येतेच." मग तिचे घुंगरू अंगणातून गल्लीत गेले आणि ऐकू येईनासे झाले. जमनी आत आली, पेटीवर बसली आणि बाळाच्या अंगात तोंड खुपसून राहिली. तिचं सगळं ओझं माझ्या झाकणावर होतं.

दुपारी गल्लीत आरडाओरडा झाला. शेजारच्या बेबीताईंची तांब्याची घागर मोरीवरून नाहीशी झाली होती. कोणी नेताना पाहिलं नव्हतं. पण बेबीताईंना पुरावा लागलाच नाही. "सकाळी लमानीन येऊन गेली ना? मंग अजून काय पाह्यजे?" गल्लीतले दोघेतिघे बाजारात गेले, अर्धी मोळी घेऊन बसलेल्या सुखीबाईकडे बोट दाखवलं, आणि जमादारानं तिला भर बाजारातून उठवून चौकीत नेलं. तिच्याजवळ घागर नव्हती. त्यावर जमादार म्हणाला म्हणे, "विकली असन."

बातमी ऐकून लालसिंग जिनातून पळत घरी आला. त्याला वाटलं होतं जमनी रडत असेल. ती उभी होती.

"किल्ली दे," ती म्हणाली.

"ऐक माझं. दोन दिवस ठेवतीन, सोडतीन. माझ्या बापाले बी असंच धरलं होतं, काकाले बी धरलं. सारेच सोसत आले."

"किल्ली दे."

"खोली जाईन, जमने. जिनातले लोक काय म्हनतीन? पोरगी लहान हाय. पाच वर्ष कशी काढली आपन, सारं एका दिवसात घालवतं काय?"

ती चुलीजवळ गेली. मग माझ्या पेटीच्या कुलपावर वरवंट्याचा घाव बसला. पुन्हा बसला. सगळी पेटी हादरत होती, आणि मी आत भीतीनं नव्हे, आशेनं हादरत होतो. तेवढ्यात लालसिंग म्हणाला, "थांब. हाताले लागन." त्यानं स्वतः करगोट्याची किल्ली सोडली आणि कुलूप काढलं.

उजेड आला तेव्हा मी आंधळ्यासारखा झालो. जमनीनं मला झटकलं, पाल्याचा चुरा खाली पडला. तिनं लुगडं सोडलं आणि मला कमरेला बांधलं. कमर बाळंतपणानं थोडी भरली होती. नाडी एका बोटानं कमी पडली. बाळ तिनं लालसिंगच्या हातात दिलं नाही, काखेतच घेतलं. तोही तिच्यामागं निघाला.

अंगणात विमलताई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमनीच्या तोंडाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. जमनी थांबली नाही. गल्लीतून, जिनापुढून, भर उन्हातून ती चालत राहिली. आधी मी मुका होतो. मग तिच्या पावलांच्या हिसक्यांनी एका घुंगरातला कापूस पडला, मग दुसऱ्यातला. चौकीच्या पायऱ्या आल्या तेव्हा मी वाजत होतो. सगळा नाही, पण वाजत होतो.

सुखीबाई भिंतीशी बसली होती. मुलीला त्या वेशात पाहून तिनं डोळे मिटले. "काहून आली?" एवढंच पुटपुटली.

"कोन तू?" जमादारानं विचारलं.

"हिची पोरगी. जमनी. जिनामागच्या गल्लीत राह्यतो आमी."

मागून विमलताई आल्या, त्यांच्यामागं बेबीताई, आणि कोणीतरी नगरपालिकेच्या मेंबराला, सदाशिवरावांना, बोलावून आणलं होतं. सदाशिवराव गोड बोलणारे, सगळ्यांना सांभाळून घेणारे गृहस्थ. ते काही बोलायच्या आत विमलताईच फुटल्या.

"पाच वर्ष माझ्या चुलीपाशी बसून खोटं बोलली तू. मले कायले फसवलं? मी काय वाईट केलं होतं तुझं?"

"काहीच नाही केलं, ताई."

"मंग?"

"खरं सांगतलं असतं, तर चुलीपाशी बसू देलं असतं काय?"

विमलताईंच्या मनात काय चाललं असेल ते मी सांगू शकत नाही. पण त्यांचे डोळे सुखीबाईच्या हातांवर गेलेले मी पाहिले. सकाळी त्यांनी वरून पाणी ओतलं ते हेच हात.

सदाशिवराव जमादाराच्या कानाशी लागले. मग म्हणाले, "बाई, तू घाबरू नको. कोनी पाह्यलं नाही, माल सापडला नाही. मी टांगा बलावतो. मागच्या दारानं म्हातारीले बसवून मोटारीवर पोचवून देऊ. कोनाले कळनार बी नाही."

"मले घागर पाह्यजे," बेबीताई म्हणाल्या.

"हे बाई घरात आलीच नाही," विमलताई एकाएकी बोलल्या. "अंगनातून आली, अंगनातून गेली. मी गल्लीच्या तोंडापर्यंत पाहत होती, लमानीन हाय म्हनून नजर ठेवून होती मी. हातात मोळीबिगर काही नव्हतं." त्या जमादाराकडे वळल्या. "लिहून घ्याचं असन तर घ्या."

जमादारानं हात झटकला. "न्या मंग. टांगा आला का?"

"टांगा नाही पाह्यजे," जमनी म्हणाली. "याडीले बाजारातून धरलं ना? बाजारातच नेऊन सोडा. चारचौघात धरलं, चारचौघात सांगा का तिनं चोरी नाही केली."

"आता हे काय नवीन?" सदाशिवराव म्हणाले. "सुटली ना? मान राहू दे सगळ्यायचा."

"तुमचा राह्यला, साहेब. तिचा तिथं बाजारात पडला हाय."

बराच वेळ घासाघीस झाली. जमादार येईना. शेवटी विमलताईंनी सुखीबाईचा हात धरला आणि तिला उठवलं. "मी येतो संग," त्या म्हणाल्या. मग सदाशिवरावांना निघावंच लागलं, आणि मेंबर निघाले म्हणून जमादारही टोपी घालून चार पावलं मागं चालायला लागला.

बाजारात सदाशिवराव एका ओट्यावर चढले. घसा साफ केला. "या बाईनं चोरी केली नाही. आपल्या लोकायची चूक झाली," ते म्हणाले. जोरात नाही म्हणाले. "मागं ऐकू आलं नाही," जमनी म्हणाली. त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. काही लोक खाली बघू लागले, काही हसले, एका भाजीवालीनं सुखीबाईला बसायला गोणपाट पुढं केलं. सुखीबाईची अर्धी मोळी मात्र तिथे नव्हती. कोणीतरी उचलून नेली होती. त्या चोरीचा तपास कोणी केला नाही.

घागर सापडली नाही. आजवर नाही. मला तेच बरं वाटतं. ती सापडली असती तर लोक म्हणाले असते, सापडली म्हणून सुटली. म्हातारी सुटली ती तिनं चोरी केली नव्हती म्हणून.

तुम्हाला वाटेल, इथून सगळं गोड झालं. तसं होत नसतं. विमलताई महिनाभर जमनीशी बोलल्या नाहीत. आधी म्हणाल्या, खोली सोडा. मग सोडा म्हणणं सोडलं. बेबीताईंनी मोरीवरची भांडी हलवली आणि वाट बदलली. जिनात लालसिंगला लोक मागून नावं ठेवायचे. पण एका सकाळी विमलताई दारात आल्या आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तुझं खरं नाव काय म्हनत होती?"

"जमनी."

"जमने, चाय घ्याले ये."

पुढच्या वेळी सुखीबाई मोळी न घेता आली, समोरच्या दारानं आली. नातीला तिनं मांडीवर घेतलं आणि तांड्यातलं गाणं मोठ्यानं म्हटलं. विमलताईंनी तिला पाणी दिलं ते पेल्यात.

त्यानंतर तांड्यातून आणखी लोक शहरात आले. कोणी जिनात, कोणी मोटारस्टँडवर हमालीला. सदाशिवरावांनी नाल्यापलीकडे त्यांना जागा द्यायचं ठरवलं. जमनी त्यांच्या घरी गेली. मी तिच्या कमरेला होतोच. "साहेब, तांडा गावाबाहेर होताच," ती म्हणाली. "शहरात येऊन बी बाहेरच राहाचं, तर आलो कायले?" मग ती आणि विमलताई मिळून नव्या आलेल्यांसाठी खोल्या मागत दारोदार गेल्या. एक बोलायची, दुसरी शेजारी उभी राहायची. दहा दारांतलं एखादं उघडायचं. पण उघडायचं. तीच दोनतीन वर्षं माझ्या आयुष्यातली खरी.

मग चौसष्ट साली आमच्या भागात हे वाचनालय झालं. उद्घाटनाला शहरातली सगळी मंडळी एकत्र नांदतात असं काहीतरी दाखवायचं ठरलं. सदाशिवराव स्वतः जमनीकडे आले. "तुझा फेटिया दे. काचेत ठेवू. येनाऱ्या-जानाऱ्यायले कळू दे का हे शहर सगळ्यायचं हाय." जमनीला भरून आलं. ज्या कापडाला बघून दारं लागत होती, ते आज मानानं मागत होते. तिनं मला धुतलं, तुटलेले आरसे नवे लावले. "महिनाभर ठेवा," ती म्हणाली.

हार आले, भाषणं झाली, कपाटाला कुलूप लागलं. महिना गेला, वर्ष गेलं. भावाच्या लग्नात नेसायला म्हणून जमनी मला मागायला आली. वाचनालय सांभाळतात ते रामराव, सभ्य माणूस. ते म्हणाले, "जमनीबाई, आता ही संस्थेची वस्तू झाली. कमिटीले विचारा लागते." जमनी काचेला हात लावून उभी राहिली. रामरावांनी नंतर फडक्यानं तिच्या बोटांचे ठसे पुसले.

आता सदुसष्ट साल चालू आहे. मी पुन्हा कुलपात आहे. पेटीत होतो तेव्हा मला लपवलं होतं, आता दाखवतात. आत बसणाऱ्याला त्यानं फारसा फरक पडत नाही. घुंगरांतला कापूस कधीच गेला, पण कपाटात वारा नाही, चाल नाही. लाल रंग उन्हाच्या बाजूनं फिका पडत चालला आहे.

एवढ्यात एक गोष्ट घडली, म्हणून मी आज बोललो. उन्हाच्या कडाक्यात एक तरुण बाई सावलीला म्हणून आत आली. अंगावर फेटिया, दंडाला चुडा. नाव कोकिळा, उमरखेडच्या बाजूची. नवरा मोटारस्टँडवर कामाला लागलेला, खोली मिळत नव्हती. रामराव उठले, तिला माझ्यापुढं आणून उभं केलं आणि कौतुकानं सांगू लागले की आमच्या शहरानं तुमच्या समाजाची कशी कदर केली आहे. कोकिळानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिच्या ओठांवर किंचित हसू आलं. टाका ओळखीचा वाटला असावा.

"भाऊ," ती म्हणाली, "इकडं कुठं खोली भेटन काय?"

रामराव टेबलावरचे पेपर नीट लावू लागले. त्यांच्या घरामागची खोली रिकामी आहे. रोज येणाऱ्या प्रत्येकाला ते स्वतःच सांगतात, चांगला भाडेकरू असला तर बघा म्हणून. मी ऐकलेलं आहे.

"पाह्यतो," ते म्हणाले. "चौकशी करून सांगतो."

तेवढ्यात जमनी मुलीला घेऊन वाचनालयात आली. मुलगी आता पुस्तकं वाचते. जमनीनं कोकिळाचा कोरडा पडलेला चेहरा पाहिला, सगळं ओळखलं आणि तिला बाक दाखवून गोरबोलीत म्हणाली, "आव, बाई, बेस." मग रामरावांकडे वळली. "भाऊ, तुमची मागची खोली रिकामी हाय ना?"

"हाय," रामराव म्हणाले. त्यांच्या कपाळाला घाम होता. "घरी विचारून सांगतो."

कोकिळा त्या दिवशी जमनीकडे गेली. एका खोलीत दोन कुटुंबं आहेत सध्या. रामराव अजून घरी विचारतच आहेत. रोज सकाळी येतात, माझ्या कपाटाची काच पुसतात आणि माझ्याकडे न बघता खुर्चीवर जाऊन बसतात.

तुम्ही वाचणारी माणसं आहात. तुमच्यापैकी कोणाच्या घरामागं एखादी खोली रिकामी असेल. माझ्यासाठी काही मागत नाही. माझा रंग गेला, माझे टाके सैल झाले, मला कुठेही ठेवा. मला तुम्ही कपाट दिलंत. तिला खोली द्या.